किती बोटं माया

प्रिय बॉबिन,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे. तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो, पण तो कुरकुरला नाही तर तिलाच चुकल्यासारखं होईल. आपण दोघं बोललो नाही त्याला दोन वर्षं होऊन गेली. अबोला मी धरला होता, तेव्हा पहिलं अक्षरही मीच लिहायला हवं, एवढं मला कळतं. ते कळायला इतका वेळ का लागला, ते पुढे सांगतो. अक्षर वाकडंतिकडं दिसेल. आयुष्यभर खडूने कापडावर रेघा मारल्या, कागदावर पेन नुसतं घसरतं.

आधी बातमी ऐक. तुझा बाप रोज पहाटे फिरायला जातो! हसून घे पोटभर. डॉक्टरांनी रक्तातल्या साखरेचा आकडा दाखवला आणि एक डिसेंबरला तुझ्या आईने मला मफलर गुंडाळून अक्षरशः दाराबाहेर काढलं. सोबत म्हणून तिने माझी गाठ रिटायर झालेल्या पोस्टमास्तरांशी घालून दिली. ते दर थंडीत महिनाभर पाच-सहा जणांना घेऊन नदीकाठच्या रानातून चालतात. दाताची डॉक्टरीण, शाळेतल्या बाई, दवाखान्यातली नर्स, आणि यंदा मी. नियम असा की लाकडी पुलापर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. रोज एक गोष्ट नीट पाहायची. महिनाभर असं पाहिलं की येणाऱ्या वर्षात कसं वागायचं ते रानच सांगतं, असं पोस्टमास्तरांचं म्हणणं. मी तुझ्या आईला म्हटलं, झाडांकडे पाहून ज्ञान मिळत असतं तर सगळे लाकूडतोडे संत झाले असते. ती म्हणाली, ज्ञान राहू दे, साखर उतरव.

पहिला आठवडा मी झाडं पाहिलीच नाहीत. पुढे चालणाऱ्यांच्या पाठी पाहिल्या. पोस्टमास्तरांच्या कोटाचा डावा खांदा अर्धा इंच उतरलाय, इतकी वर्षं पिशवी लटकावल्यासारखा, आणि नर्सच्या कोटाची पाठ कुणीतरी उलट्या कापडावर बेतली आहे. हे बोलता येत नव्हतं म्हणून जीव नुसता कासावीस. मग हळूहळू नजर वर गेली. पानं गळाल्यावर झाडाचं खरं माप दिसतं, हे मला आवडलं. गवतावर दहिवर पडलेलं असतं, तळ्याच्या कडेला काचेसारखा पातळ बर्फ, आणि बदकं त्यातून अशी चालत जातात जणू दुकान त्यांच्याच मालकीचं आहे. पुलावर पोचेपर्यंत नाक बधिर होतं, पण डोकं स्वच्छ होतं. हे मी तुझ्या आईला अजून कबूल केलेलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात एक झाड दिसलं. लहान असताना कुणीतरी त्याला आधाराच्या खुंटाला तारेने बांधलं असणार. खुंट केव्हाच कुजून गेला, झाड वाढलं, पण तार तिथेच. आता ती खोडात बोटभर आत रुतलीय आणि वरखाली सालीच्या वळकट्या आल्यात. बांधणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. त्याने त्या दिवशीच्या मापाला अगदी बरोबर बांधली होती. मी तिथे इतका वेळ उभा राहिलो की नर्स मागे वळून आली आणि खुणेने विचारू लागली, छातीत दुखतंय का?

छातीत नव्हतं दुखत. तू जायला निघालीस तो दिवस आठवत होता. तयार कपड्यांच्या कारखान्यात नमुने कापायची नोकरी लागली हे तू किती आनंदाने सांगत आली होतीस! मी काउंटरवर बँडमास्तरांचा कोट इस्त्री करत होतो. त्यांच्यासमोरच मी म्हटलं, शंभर माणसांना एका मापात कोंबणाऱ्यांकडे जायचं असेल तर खुशाल जा, पण मग या दुकानाची पायरी पुन्हा चढू नकोस. दुकान खाली, घर वर, जिना दुकानातूनच. म्हणजे घराचीही बंदीच झाली, हे बोलताना माझ्या लक्षात आलं नव्हतं. तुझ्या आलं. बापाचीच लेक तू, मी म्हटलं ते इंचाइंचाने पाळलंस. मावशीकडे जाऊन आईला भेटलीस, पण पायरी चढली नाहीस. बँडमास्तरांनी तो कोट नेला, पुन्हा आले नाहीत. माझी माणसं अशीच जातात, एकदाच बोलतो मी, पण जोरात.

आता परवाच्या रविवारचं. महिन्याचा शेवटचा रविवार, पुलाच्या पलीकडच्या बाकावर आम्ही सगळे बसलो होतो. प्रत्येकाने आपल्याला काय सापडलं ते सांगितलं. दाताच्या डॉक्टरीणबाईंना शांतता सापडली, शाळेतल्या बाईंना धीर. मी म्हटलं, मला भूक सापडली. शेवटी पोस्टमास्तर गंभीर होऊन म्हणाले, झाडांनी पानं सोडली, तशी नव्या वर्षात आपणही एकच गोष्ट करायची. माया सोडायची. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली आणि विचारलं, किती बोटं?

आधी कुणाला समजेना. मग नर्स फिसकन हसली आणि सगळे हसले. मला कळेना यात हसण्यासारखं काय आहे. आपल्या धंद्यात माया सोडायची म्हणजे दुसरं काय! मग मी समजावून सांगितलं की शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात, त्याला आम्ही माया म्हणतो. माणूस पुढे अंगाने भरला, तर शिवण उसवून कपडा सैल करता यावा म्हणून. एक बोट, दोन बोटं, जशी गरज तशी सोडतात. हसले नाहीत ते फक्त पोस्टमास्तर. त्यांनी सरळ विचारलं, मग तुम्ही किती सोडता?

बॉबिन, तुला उत्तर माहीत आहे. माझं माप चुकत नाही, मला माया लागत नाही, हे मी तीस वर्षं गिऱ्हाइकांना मिशीवर ताव देऊन सांगत आलो. त्या बाकावर ते वाक्य तोंडाशी आलं आणि तिथेच अडकलं. मी सोडत नाही, एवढंच म्हणालो.

घरी आलो आणि जाकीट काढलं. तू सतरा वर्षांची असताना माझ्यासाठी शिवलेलं, राखाडी लोकरीचं. थंडी सुरू झाल्यापासून तेच घालतोय, पण पोटावरची दोन बटणं लागत नाहीत म्हणून वरून कोट ओढून घ्यायचो. सहज म्हणून ब्लेड घेतलं आणि बगलेखालची शिवण उसवली. आत दोन बोटं माया. दुसऱ्या बाजूला तेवढीच. तुला आठवतं? त्या वेळी मी ती पाहिली होती आणि कापड वाया घालवतेस म्हणून ओरडलो होतो. आत्ताच्या आत्ता कापून टाक म्हणालो होतो. तू हो बाबा म्हणालीस, आत दुमडलंस, वर बारीक तुरपाई घातलीस आणि इस्त्री फिरवलीस. माझ्या नजरेतून सुटलं! माझा कधीतरी घेर वाढेल, हे तुला सतराव्या वर्षी ठाऊक होतं. मी मशीनवर बसून जाकीट सैल केलं. बटणं लागली. मग बराच वेळ मशीन नुसतंच चालवत राहिलो, कारण वर आईला आवाज थांबलेला कळला असता तर ती खाली आली असती, आणि माझा चेहरा त्या वेळी कुणी पाहण्यासारखा नव्हता. मला तुझी फार आठवण येते, पोरी. हे मी कधी बोललो नाही, म्हणून लिहितो.

आता मुद्द्याचं. गेल्या गुरुवारी तुझा फोन आला तेव्हा आईचे हात ओले होते, तिने स्पीकर लावला होता. मी जिन्यावर होतो. गुडघ्यामुळे तुला मावशीकडे येता येत नाही, तर एक तारखेला सकाळी मीच येऊन तुला भेटून जाईन, बाबा फिरायला किती वाजता जातात आणि किती वाजता परत येतात, असं तू विचारलंस. साडेसहा ते आठ, म्हणाली ती. तू म्हणालीस, मग पावणेआठला मी निघेन. माझ्या लेकीने मला टाळून घरी यायचं माप इतकं नेमकं घेतलं, आणि ते घ्यायला तिला मीच शिकवलं. म्हणून हे पत्र. महिना संपला तरी आमचं फिरणं चालूच राहणार आहे, पण एक तारखेला मी जाणार नाही, पोस्टमास्तरांना तसं सांगून ठेवलंय. साडेसहाला दुकान उघडून पायरीपाशी बसतो. तुला मी समोर नको असेन, तर आईला तसं कळव. मी जाईन, राग धरणार नाही. पण पुलापर्यंतच जाऊन आठला परत येईन, तू पावणेआठला न निघता तोवर थांबलीस तर भेट होईल. तेवढी दोन बोटं सोड.

तुझाच,
आता दोन्ही बटणं लावून बसलेला,
बाबा