दाराशी आलास तर बोलू नकोस

सुलतानपूर,
ता. ९ फेब्रुवारी १९६४

चि. पंजाबरावास शेजारच्या अन्नपूर्णामावशीचा आशीर्वाद.

इकडे गहू ओंबीवर आहे, हरभरा काढणीला आला. थंडी जाता जात नाही. तुझं कार्ड काल मिळालं. 'मायला भेटायला येतो' एवढं लिहायला मलकापुरात इतके दिवस शाई मिळाली नाही वाटतं!

असो. माझी जीभ तुला नवी नाही.

गावात कुणाचा शेवट जवळ आला की मला निरोप येतो आणि मी उशाशी जाऊन बसते. आमचे हे लोणारच्या बाजाराहून येताना वाटेतच गेले, घोटभर पाणी पाजायला जवळ कोणी नव्हतं. तेव्हाच ठरवलं, या गावातून कोणी एकटं जायचं नाही.

तुझ्या मायजवळही बसले. संक्रांतीआधीच तिला खाली घोंगडीवर घेतलं होतं. मोतीबिंदूनं दिसत नाही, पोटात अन्न नाही, तरी जीव जाईना. दाराकडे तोंड करून सारखं तुझंच नाव. मी तुला पत्रांवर पत्रं टाकली. शेवटी आपल्याकडे करतात तेच केलं. ज्याच्यात जीव अडकला, त्याच्या नावानं दुसऱ्यानं ओ द्यायची, म्हणजे माणूस सुटतं. शेळ्या राखणाऱ्या कडूबाला बोलावलं. बिचारा आईविना वाढलेला.

त्यानं तिचा हात धरला. "माय, मी आलो वं."

"पंजाबा? काऊन इतका उशीर केला रे?"

"गाडी नाही भेटली, माय."

मी तुळशीचं पान ठेवून पाणी पाजलं आणि श्वास थांबायची वाट पाहत बसले. तिनं पाणी गिळलं आणि म्हणाली, "मले भूक लागली."

दुधात भाकरी कुस्करून खाल्ली रे तिनं! दुसऱ्या दिवशी भिंतीला टेकून बसली. मी तिला सोडवायला गेले आणि पुरती अडकवून आले. तेव्हापासून कडूबा रोज येतो. ती त्याच्या तोंडावरून हात फिरवते, बारीक झालास म्हणते. तो खाली मान घालून जेवतो.

आता लिहायचं टाळत होते ते लिहिते. परवा ती त्याला म्हणाली, "तुह्या बापानं तुले हाकललं, तवा मी चूप राह्यली. माफ करजो बापा."

कडूबानं माझ्याकडे पाहिलं. मी मानेनंच हो म्हटलं.

"केलं, माय," तो म्हणाला.

पंजाबा, ते तुझं होतं. मी दुसऱ्याच्या हातात देऊन टाकलं, आणि आता परत घेता येत नाही. कालपासून तिला पुन्हा खाली घेतलंय. घशात घरघर लागली आहे. या खेपेला तिचा जीव कशात अडकलेला नाही, चेहरा बघवतो. तू आलास, तुझा आवाज कानावर पडला, तर हा कोण आणि तो कोण, एवढं तिला नक्की कळेल. तेवढ्यानं ती कशी जाईल याचा विचार मला करवत नाही.

येऊ नकोस म्हणायचा मला हक्क नाही. ये. पायाशी बस, पाय धर, पण तोंड उघडू नकोस. कोण आलं असं तिनं विचारलं, तर मी सांगेन, शेळ्या राखणारा कडूबा आलाय.

अग्नी मात्र तूच द्यायचा. तेवढा मी त्याला दिलेला नाही.

तुझं नाव दुसऱ्याला देऊन बसलेली,
अन्नपूर्णामावशी