ताटलीवरचा चमचा

प्रिय धाकट्या,

आधी 'खासदारसाहेब' असं लिहिलं होतं, मग खोडलं. तुझी पत्रं हल्ली तुझा सचिव फोडतो म्हणे, म्हणून हे माझ्या शिवणाच्या डब्यातच राहणार आहे.

गिरणीच्या फाटकावरचं तुझं पहिलं भाषण आठवतं? आदल्या दिवशी स्वयंपाकघरात उलट्या बादलीवर उभं राहून तू ते मला सात वेळा ऐकवलंस. बादली डुगडुगत होती, मी मटार सोलत होते. "ताई, मी नुसत्या थापा मारतोय असं वाटलं की ताटलीवर चमचा वाजव," असं तूच सांगितलं होतंस. चमचा वाजला की तू थबकायचास, मान खाली घालायचास आणि तेवढं वाक्य गाळायचास. "नोटीस दिल्याशिवाय कामगाराला काढू देणार नाही," या वाक्याला मात्र चमचा कधीच वाजला नाही. त्याच वाक्यावर तू निवडून आलास.

काल तुला टीव्हीवर पाहिलं. नव्या पक्षाच्या बाकावरून तू ती नोटीसच रद्द करणाऱ्या कायद्याची बाजू मांडत होतास. बोलण्यात अजूनही तुझा हात कोणी धरणार नाही. "यात कामगाराचंच भलं आहे," म्हणालास आणि एकदम थबकलास. मान खाली घातलीस.

मी जेवत होते. हातातला चमचा ताटलीवर कधी वाजला, मलाच कळलं नाही. गिरणीत दुसऱ्या पाळीला निघालेले तुझे भाऊजी आतून म्हणाले, "काय पडलं गं?"

"काही नाही," म्हटलं.

तेवढ्यात तू मान वर केलीस आणि तेच वाक्य पुन्हा म्हणालास.

अजून ऐकत असलेली,
ताई