इसार दिलेला डोळा

लोणखेडा, ता. ८ डिसेंबर

चि. रंजितास, अ. उ. आ.

तुझ्या आबांपुढे मी हात टेकले बाई. परवा खांबावर वाळत घातलेल्या सदऱ्याला राम राम घालून, उन्हात का उभे, सावलीला या म्हणाले. मी पोट धरून हसले. पण काल विहिरीच्या काठावर पाय चुकला त्यांचा, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय आणि तोंडात एकच पालुपद, फुकटचा माल कोण चांगला देतो? तुमच्या सरकारी दवाखान्यात गर्दी असली तर म्हणतात, फुकट म्हणून गर्दी. नसली तर, माल शिळा म्हणून गिऱ्हाईक नाही. मिरची विकली की सुरतला पैसे मोजून करणार म्हणे. तोवर विहीर थांबेल का?

फोनवर तुझा आवाज चढला की ते कट करतात. तू लिही, मी वाचून दाखवते. कानावर तर पडदा नाही!

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
आई (सुंदरबाई)

नंदुरबार, ता. १२ डिसेंबर

ती. आबांस, शि. सा. न.

आई वाचत असताना उठून गोठ्यात जायचं नाही. खताची गोणी जरा फाटकी निघाली तर दुकानदाराला घाम फोडणारे तुम्ही. मग काडीपेटीपासून ट्रॅक्टरच्या टायरपर्यंत सरकारला कर भरता, तो कशाचा? तो इसार आहे आबा. इसार देऊन माल न उचलणारा शेतकरी अख्ख्या तालुक्यात एकच, आणि तो माझाच बाप निघावा!

मी इथे नर्स आहे म्हणून नका येऊ. गिऱ्हाईक म्हणून या, पारखून घ्या. तुमची फार काळजी वाटते मला.

भांडायचा हक्क राखून,
रंजिता

नंदुरबार, ता. २० डिसेंबर

ती. आईस, शि. सा. न.

आबांचा उजवा डोळा आज झाला. पण त्याआधीचं काय सांगू! वाळवणाच्या पथारीवर मिरची पारखतात तसा दवाखान्याचा कापूस चिमटीत चुरगाळून वास घेतला. डॉक्टरांना विचारलं, आजवर किती डोळे केले, बिघडले किती. डॉक्टर हसले, पण नीट सांगितलं. मग इसार दिलाय म्हणत पंखा का बंद, नळ का गळतो, सगळा वॉर्ड डोक्यावर घेतला. ते पाहून अक्कलकुव्याकडच्या रूपलीबाई, सकाळपासून गप्प बसलेल्या, त्यांनीही विचारलं की माझा नंबर मागे का गेला. दुपारी पंखा फिरला, रूपलीबाई आत गेल्या. मोठ्या सिस्टरांनी मला हळूच विचारलं, हे गृहस्थ कोण? मी म्हटलं, ओळखत नाही.

उद्या पट्टी निघेल. देवापुढे दिवा लाव.

तुझीच,
रंजिता

लोणखेडा, ता. २८ डिसेंबर

चि. रंजितास, अ. आ.

हे मीच लिहितोय, तुझ्या आईचा हात नाही. अक्षर वाकडं आहे, पण मला दिसतंय. सदरा सदऱ्यासारखा, विहीर जागच्या जागी. माल पसंत.

पट्टी निघाली तेव्हा पहिलं तुझं तोंड दिसलं. माझ्या डोळ्यांत तू सासरी गेलीस तेव्हाचीच होतीस. कानाजवळचे केस पिकले की गं, डोळ्यांखाली काळं आलंय. ज्याला मी फुकटचं दुकान म्हणायचो, तिथे तू दिवसभर उभी असतेस. मला फार वाईट वाटलं.

सिस्टरांपाशी मला ओळखत नाही म्हणालीस, तेही ऐकलं. कानावर पडदा नाही माझ्या!

आता डावा डोळा घेऊन येतो. पंखा झाला, नळ झाला. या खेपेला पहिली तक्रार एकच : मन्ही पोरले बसाले खुर्ची का बरं नही?

तुझं कायमचं गिऱ्हाईक,
आबा (लोटन)