रिकाम्या गावातली शिळा

११ डिसेंबर १९५८

उद्या गावपळण. देवाचा कौल झाला की तीन दिवस अख्खा गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर जातो, रानात खोपी बांधून राहतो. मागे कोणी राहिलं तर देव त्याला ठेवत नाही म्हणे. शाळा बंद. पण मी राहणार! हे का पळतात, कोणालाच सांगता येत नाही. मुलांकडून शिलाहार-यादव पाठ करून घेते आणि या गावाचं मला काडीचं ठाऊक नाही—लाज वाटते. तळ्याकाठी एक कोरीव शिळा आहे, पण बायकांना जवळ फिरकू देत नाहीत. उद्या अडवायला कोण असणार?

घरमालकीण राधाबाईंना सांगितलं, खारेपाटणला आईकडे जाते. त्यांनी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना पहाटेच गाडीतून आचऱ्याला लेकीकडे धाडलं म्हणाल्या.

१२ डिसेंबर

गेले सगळे. मी एस.टी.च्या थांब्यापर्यंत गेले, झाडीत दबून बसले, मग मागच्या पाणंदीनं परत. गावात कोंबडंसुद्धा नाही! माडाची झावळ पडली तर किंचाळले.

शिळा पाहिली. खाली गलबतं, भाले. वर माणसं पळताहेत—डोक्यावर गाठोडी, पुढे शेळ्या. समुद्रावरून धाडी येत असतील, आणि हे पळणं तेव्हापासूनचं? असेलही. पुस्तकांत लढणारे असतात, पळणाऱ्यांचं कोणी लिहीत नाही. कोपऱ्यात एका उंबऱ्यावर एक बाई नुसती बसलेली. हिला का नाही नेलं? शिळेचं चित्र वहीत उतरवून घेतलं.

१३ डिसेंबर, सकाळ

घरात कोणीतरी आहे. भिंतीपलीकडे खरवडल्यासारखा आवाज. देवाबिवावर माझा विश्वास नाही, तरी रामरक्षा म्हणत बसले आहे.

दुपार

धीर करून आत गेले. माजघरामागच्या खोलीत सासूबाई—लक्ष्मीआजी! मी न्यायला आलेला देवच, असं समजून त्यांनी हात जोडले. "व्हर माका. पण आदी वायंच पाणी दी."

ओठांना भेगा. उशाशी ना तांब्या, ना पेज. गाडीत घातलं तर वाटेतच जातील म्हणून लपवलं असेल, आणि घाईत राधाबाई पाणी ठेवायला विसरल्या असतील. दुसरं काय असणार? चमच्याचमच्यानं पाजलं. आजी माझा पदर सोडेनात.

१४ डिसेंबर

आज आजींनी पेज दोनदा मागून घेतली.

१५ डिसेंबर

राधाबाई सगळ्या गावाआधी परतल्या. मी आजींपाशीच होते. राधाबाई दारातच थबकल्या. काखेत कोरं मांजरपाट, हातात नवं मडकं—मयताला लागतं तेच.

आजी म्हणाल्या, "राधा, मास्तरणीन माका पाणी दिल्यान गो."

"बरां केल्यान," राधाबाई म्हणाल्या. बघत माझ्याकडे होत्या.

उद्या शाळा सुरू. दिवसभर घरात आजी आणि त्या, दोघीच.