तळ्यातली पाणबुडी

हॅम्बुर्ग बंदर, १९७४

मालनआक्का, तुला अन् मायला वसंताचा जय भीम.

मी खुशाल आहे, जहाजावर पोटभर जेवून राह्यलो. मायचे गुडघे कसे आहेत?

जर्मनीच्या लढाईत बाबांचं जहाज पाणबुडीनं बुडवल्याची तार आल्ती, तेव्हा मायला वाटलं, पाणबुडी म्हंजे आपल्या तळ्यातलं त्या नावाचं पाखरूच. ते बुडी मारून वर येतंच, तसे बाबाही येतील, म्हणून अजून कुंकू लावून ती तळ्यावर बसते.

इथं एका म्हाताऱ्या जर्मन खलाशानं त्या पाणबुडीची हकिकत सांगितली. तिनं कैक जहाजं बुडवली, त्यात बाबांचंही. मंग एकदा ती खाली गेली, ती वर आलीच न्हाई. त्याचा भाऊ तिच्यात होता. त्याची माय मरेपर्यंत धक्क्यावर येऊन बसायची म्हणे.

आक्का, मायला यातलं काही सांगू नको. फक्त तळ्यावर तिच्याजवळ बसत जा.

तुझा धाकटा,
वसंता