आबांच्या मोटारीचा सकाळचा धूर

शाहूपुरी, कोल्हापूर
१७ जानेवारी १९९९

तीर्थस्वरूप अण्णासो दाजी यांच्या चरणी,

सोमशेखरचा शरणार्थ. आपला गुडघा आता जिना चढू देतो का, गौराक्काची साखर डॉक्टरांच्या ताब्यात आहे की अजून पेढ्यांच्या, आणि इचलकरंजीत दिवसा वीज किती वेळ टिकते, हे सविस्तर कळवावे. (साखरेचं आक्काला विचारून लिहू नये. ती खरं सांगत नाही.) इकडे सगळे धडधाकट आहोत. दानेश्वरीला थोडा खोकला आहे, पण तो रोगाचा नसून धुराचा आहे, आणि त्या धुराची हकीकत आपल्या कानी दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लागून जाण्याआधी मीच कळवतो.

आबांची मोटार आपल्या चांगल्या परिचयाची आहे. आपलं नि आक्काचं लग्न ठरवायला आबा त्याच मोटारीतून इचलकरंजीला आले होते. गुळाच्या धंद्यापायी आबांनी ती रत्नागिरीपासून बेळगावपर्यंत इतकी पळवली, की किलोमीटरचा काटा पूर्ण फिरून पुन्हा शून्यावर आला. (तेव्हा आबांनी गल्लीत "गाडी नवी झाली" म्हणून जिलेबी वाटली होती.) तर यंदा दिवाळीनंतर या मोटारीनं एक खोड धरली. सकाळी पहिल्यांदा चालू केली, की सायलेन्सरमधून धुराचा एवढा लोट निघायचा की मागचं काही दिसू नये. थोड्या वेळात धूर आपोआप थांबायचा आणि मग दिवसभर मोटार अगदी सभ्य माणसासारखी वागायची.

आता मोटारीची शेपूट असते भिंतीकडे. आणि भिंतीपलीकडे असतो आपला संगमेश. माझा सख्खा धाकटा भाऊ असूनही तो माझ्याशी का बोलत नाही, हे आपल्याला ठाऊक आहेच. पतसंस्थेच्या निवडणुकीत तो एका पॅनेलकडून उभा राहिला आणि मी दुसऱ्या. दोघेही पडलो, निवडून तिसराच आला, आणि आमच्या अंगणात मधोमध भिंत उभी राहिली. त्या दिवसापासून अबोला. मी अंघोळ करून बाहेर पडायला आणि संगमेश पूजेला बसायला एकच गाठ पडायची, त्यामुळे मोटारीचा सगळा धूर खिडकीतून थेट त्याच्या देवघरात जायचा. मी मुद्दाम करत नव्हतो. (दानेश्वरी म्हणते, मोटार वळवून लावता आली असती. पण आबा ती तशीच लावायचे.)

पुढं धुराची बातमी गल्लीत पसरली आणि रोज सकाळी माणसं जमू लागली. कोल्हापुरात कुणाचं काही बिघडलं, की ते बिघडणं त्या एकट्याचं राहत नाही, हे आपण जाणताच. सयाजी म्हणून एक एसटीचे निवृत्त ड्रायव्हर आमच्या समोर राहतात. ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "धूर काळा हाय. पेट्रोल जादा जातंय. कार्बोरेटर खोला." शेजारच्या हायस्कूलचे मुख्याध्यापक म्हणाले, धूर पांढरा आहे, म्हणजे इंजिनात पाणी शिरलं आहे. कोपऱ्यावरचे होमिओपॅथीचे डॉक्टर म्हणाले, धूर निळसर आहे, पण रंगापेक्षा मोटारीचा स्वभाव कळायला हवा. तिला थंडी सोसते का, चारचौघांत बरं वाटतं का, असं त्यांनी मला गंभीरपणे विचारलं. एकच धूर, एकाच वेळी, एकाच जागी उभं राहून पाहिलेला, आणि तीन रंग. मुख्याध्यापकांनी शास्त्रीय प्रयोग म्हणून सायलेन्सरमागं पांढरा रुमाल धरायची सूचना केली. रुमाल धरला. त्यावर जो डाग पडला, त्याच्या रंगाविषयी आणखी एक वाद सुरू झाला, आणि रुमाल दानेश्वरीच्या माहेरचा निघाल्यामुळे घरात वेगळाच.

आठवडा उलटायच्या आत गल्लीत काळे, पांढरे आणि निळे असे गट पडले. काळ्या गटाच्या माणसांनी पांढऱ्या गटाच्या दुकानातून दूध घेणं बंद केलं. माझं मत कुणी विचारत नव्हतं. मी नुसता धुराचा मालक. पण दाजी, खोटं कशाला बोलू, निवडणुकीत पडल्यापासून माझ्या दारात एवढी माणसं कधी आली नव्हती. दानेश्वरीला रोज मोठ्या पातेल्यात चहा टाकावा लागायचा आणि मी दारात उभा राहून सगळ्यांना "या, बसा" म्हणायचो.

शेवटी मोटार उद्यमनगरात कृष्णात मिस्त्रीकडे नेली. या गृहस्थांच्या बढाया इंजिनापेक्षा मोठ्या आवाजात चालतात. मी धुराचं सगळं वर्णन केलं. त्यांनी मोटार चालू केली. धूर नाही! वाटेत इंजिन तापलं होतं ना. मिस्त्री माझ्याकडं बघून म्हणाले, "पावणं, धूर घरात इसरून आलायसा व्हय?" आणि थंड गाडी घेऊन या, म्हणाले. आता थंड गाडी चालवत कशी आणायची? तर ढकलत. दुसऱ्या दिवशी तिन्ही गट एकत्र आले (कष्टाच्या कामात कोल्हापूरकर मतभेद आणत नाहीत) आणि शाहूपुरीतून मोटारीची मिरवणूक निघाली. मी स्टिअरिंगवर. रस्त्यात कुणी विचारलं नवरा कुठाय, कुणी नारळ फोडायला पुढं झालं. उद्यमनगर अगदी दृष्टिपथात आलं आणि मी दमलो म्हणून सयाजी स्टिअरिंगवर बसले. पुढं उतार. चाकं गरगर फिरू लागताच त्यांच्यातला जुना ड्रायव्हर जागा झाला आणि त्यांनी सवयीनं गिअर टाकून क्लच सोडला. मोटार धडधडत चालू झाली, सगळा धूर भर रस्त्यात सांडला, आणि मिस्त्रींच्या दारात आम्ही पोचलो तेव्हा ती पुन्हा सोज्वळ. याच मोटारीनं, दाजी, त्याच आठवड्यात प्रदूषणाची तपासणीही पहिल्या फटक्यात पास केली. (तपासणीवाल्यानं तिची स्तुती केली. नव्या गाड्यांनी हिच्याकडून शिकावं, म्हणाला.)

मग मिस्त्रीच सकाळी घरी आले. गल्ली गोळा झाली. मी किल्ली फिरवली आणि मोटारीनं अब्रू राखली. असा धूर तिनं पूर्वी कधी सोडला नव्हता. एवढ्यात फाटक आपटल्याचा आवाज झाला आणि त्या धुरातून कपाळावर विभूतीचे पट्टे, डोळ्यांतून पाण्याच्या धारा, असा संगमेश बाहेर आला. निवडणुकीनंतर प्रथमच माझ्या दारात.

"माझ्या देवाला धूप पुरतोय. तुझ्या मोटारीचा नको!" तो ओरडला. "आबांच्या गाडीचं वाटोळं केलंस की रं दादा! निळा धूर हाय, निळा! ऑइल जळतंय!"

काळे आणि पांढरे दोन्ही गट त्याच्यावर तुटून पडले. पण तो हटेना. म्हणाला, तुम्ही लांबून बघता, मी रोज खातो, मला रंग शिकवू नका. माझ्या कानात मात्र बाकीचं काहीच शिरलं नाही. तो मला दादा म्हणाला होता.

मिस्त्रींनी निवाडा दिला, की खात्री करायची तर पन्हाळ्याला जा. घाट उतरताना पायाचा दाब पूर्ण काढा, खाली आलात की जोरात दाबा आणि मागं बघा. तेव्हा निळा लोट आला तर वॉल सील गेले. पण एकानं चालवायचं आणि एकानं मागं बघायचं. मी सयाजींना म्हणणार, तोवर संगमेश मागचं दार उघडून आत बसला. म्हणाला, "तू रंग खोटा सांगशील." मी म्हणालो, "आणि तू?" झालं, निघालो.

वर पोचल्यावर तबकबागेजवळ मोटार थांबवली, तेव्हा तो एकदम म्हणाला, की आबा इथं आम्हां दोघांना उतरवून शेंगा घ्यायचे आणि निम्म्या स्वतः खायचे. मी म्हणालो, निम्म्या नाहीत, सगळ्या. तो हसला. मग तो कडेला जाऊन शेंगा घेऊन आला आणि पुडा मुकाट्यानं पुढच्या सीटवर ठेवला. उतरताना मी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, मोटार घुमत घुमत खाली आली, वाघबिळाच्या वळणानंतर पाय दाबला आणि आरशात पाहिलं. मी आणि तो, दोघे एकदमच ओरडलो, "निळा!" निवडणुकीनंतर आमचं एकमत झालेला हा पहिला विषय.

रोगाचं निदान असं: वॉल सील म्हणजे इंजिनातल्या झडपांभोवती रबराची छोटी टोपणं असतात. म्हातारपणानं ती कडक होतात, गाडी उभी असताना ऑइल त्यांच्यातून झिरपून खाली साचतं आणि सकाळी तेच जळतं. मिस्त्रींनी आपण हे पहिल्याच दिवशी ओळखलं होतं असं सांगत दुपारभरात नवी टोपणं घातली. दुसऱ्या सकाळी सगळ्या गल्लीसमोर किल्ली फिरवली. धूर नाही. सयाजी वाकून सायलेन्सरमध्ये बघून आले. डॉक्टर म्हणाले, रोग आत दाबला गेला आहे. मग एकेक जण चहा न घेताच निघून गेला. संगमेश भिंतीवरून डोकावला, काहीतरी बोलेल असं वाटलं, पण नुसतं "बरं झालं" अशी मान हलवून आत गेला. त्यानंतर तो भिंतीवरून दिसलेला नाही. त्याची पूजा निर्विघ्न चालते. मोटार उत्तम आहे. कळवण्यासारखं एवढंच.

गौराक्काला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला तेल चोळत जावे.

आपला,
सोमशेखर

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. आपल्या यंत्रमागाच्या शेडबाहेर ती जुनी जीप उभी असते, ती सकाळी फार धुरते असं आक्का बोलली होती. ती थोडे दिवस इकडे पाठवता येईल का? मी नीट सांभाळीन. शेपूट भिंतीकडे करून लावीन. कारण विचारू नये. आक्कालाही सांगू नये.

पुन्हा ता. क. पाकिटाला डिंक लावत होतो, तोच भिंतीवरून हाक आली: "दादा, टॅपेट वाजतंय तुझं. ऐकू येत न्हाय व्हय? चल, मिस्त्रीकडं जाऊन येऊ." तेव्हा जीप पाठवू नये. मी मोटार चालू करून, बॉनेट वर करून, कान लावून ऐकलं. मला कसलाही आवाज येत नाही. त्याला "व्हय की, लई वाजतंय" असं सांगितलं आहे, आणि तो चपला घालतोय.