पाचूचा रंग कुणी नेला

॥ श्री वीतरागाय नमः ॥

निपाणी, ता. ११ सप्टेंबर १९३७

तीर्थस्वरूप जिनदत्तअण्णांस चंदनाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

अण्णा, मी लई अडचणीत आहे. पर्युषण पर्वासाठी म्हणून दागिने सोड्याच्या गरम पाण्यात उकळून घासले. सोनं उजळलं, पण लग्नात सासूबाईंनी माझ्या बोटात घातलेल्या अंगठीतला पाचू काकडीच्या गरासारखा फिका पडला. आत चिराही दिसू लागल्या.

सासूबाई म्हणतात, नागपंचमीला माहेरी गेले तेव्हा मी बेळगावात खडा बदलला आणि त्यात तुमचाही हात आहे. शेजारच्या अक्काताईंना, देवळातल्या बायकांना सांगूनही झालं. अंगठी पेटीत गेली, किल्ली त्यांच्या कमरेला. मी माजघरात गेले की बोलणं थांबतं. इकडची स्वारीसुद्धा माझी बाजू घेत न्हाई. मी चोर न्हाई अण्णा, तुम्ही तरी खरं माना.

लोभ आहेच, भरवसाही असू द्यावा.

आपली धाकटी,
चंदना

बेळगाव, ता. १५ सप्टेंबर

चि. सौ. चंदना हीस अनेक आशीर्वाद.

खरं सांगतो, संशय मलाही आला, पण तुझा न्हाई. पंचमीला तुझ्या वहिनीनं ती अंगठी दिवसभर मिरवली होती. ती न्हायला गेली तशी मी तिची ट्रंक उपसली, आणि तिनं ते पाहिलं. आता मला चहासुद्धा मागून मिळतो, तोही बिनसाखरेचा.

मग शहापुरातल्या नागोजी सोनारांकडं गेलो. सगळं ऐकून त्यांनी सोड्याचंच विचारलं. पाचूला भाव रंगाचा, असं ते म्हणाले. गडद हिरवा तो वरच्या प्रतीचा, फिका तो हलक्या मालात. म्हणून व्यापारी फिक्या खड्यात तेल मुरवतात. चिरा लपतात, रंग चढतो. तुझ्या सोड्यानं तेच तेल काढलं असणार. कोमट तेलात दोन दिवस ठेवून बघ, पण सासूबाईंच्या डोळ्यांदेखत. त्यांचा खडा पहिल्यापासूनच हलका होता हे त्यांना कळेल, तेव्हा जपून बोल.

आमच्यावरची माया कमी करू नकोस, आणि वहिनीला दोन गोड ओळी लिही.

तुझा अण्णा

निपाणी, ता. २१ सप्टेंबर

तीर्थस्वरूप अण्णांस सा. न. वि. वि.

तेल सासूबाईंनीच ओतलं, वाटी पेटीत ठेवून कुलूपही त्यांनीच लावलं. माझ्या हाताचा भरवसा नव्हता. दोन दिवसांनी उन्हात धरला तर खडा हिरवागार. सासूबाईंनी आधी दार लावून घेतलं. त्यांच्या सासूची ती अंगठी, अव्वल पाचू म्हणून साऱ्या गावात मिरवलेली. हे घराबाहेर जाऊ देऊ नको, असं मला हळूच म्हणाल्या. मी म्हटलं, माझं नाव कधीच बाहेर गेलंय, आधी ते घरात आणा.

काल देवळात अक्काताईंसमोर त्यांनी सांगितलं, आमचा खडाच तेलावर रंगलेला होता, सुनेनं काही नेलं न्हाई. त्यांच्यासाठी मलाही वाईट वाटलं.

घरी आल्यावर त्या अंगठी माझ्या बोटात घालू लागल्या. मी हात मागं घेतला. म्हटलं, ही तुमच्याच पेटीत राहू दे. रंग परत कधी उतरेल सांगता येत न्हाई, आणि तेव्हा तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडंच बघाल.

आपल्या लोभातली,
चंदना